सरांचे पहिले तीस

११ नोव्हेंबर
आज ऑपरेशन थिएटरात टेबलापाशी माझ्या जागेवर नवी नर्स सुकन्या उभी राहिली. म्हणून ही रोजनिशी काढली. घरात ऐकायला कुणी नाही, आणि हॉस्पिटलात मी बोलणार नाही.
शेटे सर म्हणाले, "सिस्टर, तुम्ही आता स्टोअर बघा. डॉ. जोशुआ अजून शिकतोय, त्याच्यावर तुम्ही फार ओरडता. त्याची आणि सुकन्याची जोडी जमू द्या."
जोडी! एकवीस वर्षं या माणसाने न बघता हात पुढे केला आणि मी न विचारता हवं ते त्यात ठेवलं. पाठीतून सुईने वाट करायची, दुर्बीण घालायची, किडनीतला खडा फोडून काढायचा — सर काय मागणार ते त्यांच्या आधी मला कळायचं.
सुकन्याचे हात चपळ आहेत. लिहिलं एकदाचं.

१४ नोव्हेंबर
दाराच्या काचेतून पाहिलं. डॉ. जोशुआने सुई तीनदा घातली. दोन तास दहा मिनिटं! सर पन्नास मिनिटांत मोकळे होतात.
प्रत्येक केसची वेळ, सुया, रक्त, राहिलेला खडा मी पहिल्यापासून वहीत टिपते. कुणी सांगितलेलं नाही. आजची टिपली. पुढे लिहिलं — "हात कच्चा."

१५ नोव्हेंबर
घोडेगावच्या लंकाबाई, उद्याची केस. जोशुआ तपासून गेला तशी माझा हात धरला. "शिस्टर, ह्यो डाक्टर हाय का डाक्टरचा पोरगा? मोठ्या डाक्टरला सांगा की. मला लई भ्या वाटतंय."
दटावायला हवं होतं. दटावलं नाही. सरांना जाऊन सांगितलं — जरा वाढवूनच.
"मी मागे उभा असतो ना," सर म्हणाले. संपलं.

१८ नोव्हेंबर
लंकाबाई घरी गेल्या. खडा साफ. जाताना जोशुआच्या तोंडावरून हात फिरवला. "माज्या राजा!" सुकन्याला म्हणाल्या, "लेकी, घोडेगावला ये." मला काहीच नाही.

२० नोव्हेंबर
माझी सोनोग्राफी. डाव्या किडनीत दोन सेंटिमीटरचा खडा. महिनाभर दुखणं अंगावर काढलं!
सरांना म्हटलं, तुम्हीच करायचं.
"करीन. पण मी आता आठवड्याला एक करतो, तो रोज करतो. हात रोज चालावा लागतो, सिस्टर."
"तुमचा हात विसरणार होय?"
"विसरत नाही. मंदावतो." मग हसले. "तुमच्या वह्या आहेत ना? पहिल्यापासून वाचा."

२१ नोव्हेंबर
ट्रंकेतून २००३ ची वही काढली. सरांच्या पहिल्या तीस केसेस. सरासरी अडीच तास. सहा जणांना रक्त. नऊ जणांचा खडा राहिला.
जोशुआच्या पहिल्या तीस — एक तास पन्नास. दोघांना रक्त. चौघांचा राहिला.
दोनदा बेरीज केली.
सरांच्या प्रत्येक वाईट केसपुढे माझंच अक्षर. "खडा अवघड." "बाई लठ्ठ." "वीज गेली." एकदाही "हात कच्चा" नाही! सातव्या केसला चुकीची नळी मी दिली होती, म्हणून रक्त द्यावं लागलं. तिथे काहीच लिहिलेलं नाही.
जोशुआच्या मागे सर उभे असतात. सरांच्या मागे कुणी नव्हतं. शेजारी मी होते — आणि तेव्हा मलाही काही येत नव्हतं.

२३ नोव्हेंबर
आकडे कळले म्हणून जळणं थांबत नाही. सुकन्या डबा घेऊन बोलवायला आली — "सिस्टर, चला ना, मेथी आणलीय." भूक नाही म्हटलं. होती.

२५ नोव्हेंबर
आज दिलं ते असं.
सुकन्याकडे: वह्या चार. "हात कच्चा" खोडलेलं नाही. सातव्या केसपुढे आज नवीन लिहिलं — "नळी मी चुकीची दिली." शिवाय स्टोअरच्या किल्ल्या, माझं घड्याळ, कानातले दोन. उद्या ऑपरेशनला अंगावर काही चालत नाही.
डॉ. जोशुआकडे: संमतीचा कागद, सही करून. सर्जनच्या नावाची जागा सरांनी कोरी सोडली होती. तिथे मी त्याचं घातलं.