एक नंबरचा शर्ट

५ जानेवारी, सोमवार

शटर वर करायच्या आधीच बाहेर पोरं उभी. सगळ्यांना एकच शर्ट हवा — माझ्या भाच्याचा. एक नंबर, पाठीवर ‘भिंत’. क्लबनेच ठेवलेलं नाव, गोलमध्ये तो भिंतीसारखा उभा राहतो म्हणून. काल त्याच भिंतीच्या हातून शेवटच्या क्षणी साधा, सरळ आलेला चेंडू सुटला आणि सामना गेला.

मला वाटलं, बघा, पडत्या काळात लोक पाठीशी उभे राहतायत. ऊर भरून आला. तेवढ्यात एकाने विचारलं, “काका, याहून स्वस्तातला नाही का? एकदाच वापरायचाय.” मागचा त्याला म्हणाला, “पातळ कापडाचा घे, भसकन पेटतो.”

जाळायला हवे होते. जाळतानाचा व्हिडिओ करायला.

हसत हसत सांगितलं, संपले. आत ढीग पडलाय. एरवी खोटं बोलून गिऱ्हाईक आत घेतो, आज खोटं बोलून बाहेर घालवलं. तरी त्यांनी कुठून तरी मिळवलेच. दुपारी सूनबाईने मोबाईल पुढे केला. माझ्याच प्रेसवर छापलेली अक्षरं गोळा होऊन गळताना. खाली हजारो अंगठे. एकाने लिहिलंय — भिंत नाही, चाळणी.

६ जानेवारी, मंगळवार

ताईकडे गेलो. तिने दारावरची बेल काढून ठेवलीय. तिचा नंबर कुणीतरी मोबाईलवर सगळीकडे पसरवलाय. “अनोळखी माणूस फोन करून विचारतो, असला मुलगा जन्माला का घातला. काय उत्तर देऊ रे मी?”

भाचा आतल्या खोलीत. मोबाईलवरचा अंगठा थांबायला तयार नाही. म्हटलं, वाचू नकोस. तर म्हणे, “मामा, ते मला काही सांगतच नसतात. एकमेकांना हसवत असतात. मी नुसता मध्ये पडलेलो असतो.”

त्याचं उजवं मनगट पंधरवडाभर सुजलेलं आहे. कोच त्याला बसवणार होता. पण रविवारी नव्या प्रायोजकाचा पहिला सामना. गोंद विकणारी कंपनी. गावभर फलकांवर याचा चेहरा. चेहरा बाकावर कसा बसवायचा? सुई टोचून उभा केला. “मग सांगून टाक ना लोकांना,” म्हटलं. तर करारात आहे, दुखापतीबद्दल बोलायचं ते क्लबने. आणि क्लबची दातखीळ बसलीय.

बोलतोय तो फक्त ब्रँडसाहेब. क्लबचा जाहिरातीचा माणूस. आम्ही त्याला हेच नाव ठेवलंय, कारण दर वाक्यात एकदा तरी ‘ब्रँड’ आला नाही तर त्याचा घास उतरत नाही. त्याने काल ताईच्या घरी येऊन तोडगा दिला. गोंदाची जाहिरात कर. हाताला गोंद फासायचा, चेंडू चिकटवायचा, कॅमेऱ्याकडे बघून म्हणायचं — “आता सुटणार नाही.”

“लोक हसतील, हसले की माफ करतील,” म्हणे. “गोलमधली जागा तुझीच. शब्द देतो.”

ताईने त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही. बरं केलं.

७ जानेवारी, बुधवार

सकाळी क्लबची ऑर्डर आली. छपाईची फाईल उघडली.

एक नंबर. पाठीवर वेगळंच आडनाव. त्याखाली ‘गरुड’.

आमच्या धंद्याची रीतच अशी. हंगामाच्या मध्यात खेळाडूंची खरेदी-विक्री होते तेव्हा क्लबने जाहीर केलं की त्याच क्षणी शर्ट दुकानात लटकलेला लागतो. म्हणजे तो आधी छापून तयार हवा. खेळाडूचं नशीब त्याच्या कानावर जायच्या आधी माझ्या प्रेसखाली जातं. आजवर याची मला गंमत वाटायची. गावातला सगळ्यात शहाणा माणूस मी, आणि तोंड शिवलेलं! ब्रही काढला नाही कधी. मैदानाच्या फाटकाबाहेर खांद्यावर मफलर टाकून विकणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला क्लबने एवढं काम दिलं ते या शिवलेल्या तोंडासाठीच. आज कारखान्यातल्या माणसांच्या जेवढ्या चुली माझ्या भरवशावर आहेत त्या सगळ्या त्या कामावर पेटतात.

शनिवारी जाहीर होणार. आणि ब्रँडसाहेब परवा ताईच्या घरात बसून जागेचा शब्द देत होता.

शर्ट मीच छापले, कारागिराला सुट्टी देऊन. मागच्या खोलीत नावाची बाजू भिंतीकडे करून उलटे टांगले. कुणाला सांगितलं नाही. सूनबाईलाही नाही. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

८ जानेवारी, गुरुवार

ब्रँडसाहेब दुकानात आला. माल तयार आहे का बघायला. मागच्या खोलीत गेला, कापड चिमटीत धरून म्हणाला, “वा! ब्रँड कसा उठून दिसतोय.”

मी खुर्ची पुढे केली, चहा मागवला. माणूस चहा पितो तेव्हा त्याचं तोंड खरं बोलतं की नाही ते कळतं — घोट गिळायला वेळ घेतला की समजावं. सहज विचारलं, “आमच्या पोराचं काय मग? जागा पक्की ना?”

घोट गिळायला फार वेळ लागला.

“अहो मामा, कुटुंब आहे आपलं!” मला मामा म्हणाला. कधीपासून झालो कोण जाणे.

“मग हे गरुड घरटं कुठे बांधणार?”

तो हसला. कप खाली ठेवला. “तुम्ही धंद्यातले. तुम्हाला काय सांगायचं. गोंदवाल्यांशी करार वर्षभराचा आहे, जाहिरात तेवढी पदरात पडू दे. जुना चेहरा जाताना उपयोगी पडून गेला तर वाईट काय?” आणि दारात थांबून, तितक्याच गोड आवाजात — “तुमचं काम पुढच्या महिन्यात नव्याने ठरायचंय ना? बसू एकदा.”

कान माझे तिखट. जे म्हणाला नाही तेच मोठ्याने ऐकू आलं.

संध्याकाळी भाच्याचा फोन. “मामा, उद्या करतोय जाहिरात. आईला आवडलेलं नाही. पण हसू दे लोकांना. गोलमध्ये उभं राहायला मिळतंय ना, बास.”

मी म्हटलं, “मनगट जप.”

एवढंच म्हटलं!

९ जानेवारी, शुक्रवार

ठरवलं, सांगायचं. काम गेलं तर गेलं. मफलर विकायला अजून खांदे आहेत. भाच्याला फोन लावला तर बंद. शूटिंगला गेल्यावर मोबाईल काढून घेतात म्हणे. पत्ता काढला आणि निघालो.

वाटेत असताना सूनबाईचा फोन. “बाबा, आपलं रील बघितलंत का? दुकानाच्या पानावर एवढी माणसं कधी आली नव्हती.” आवाज आनंदाने फुटत होता. सकाळी ती दुकानामागच्या कारखान्यात गेली, प्रेस कशी चालते ते दाखवणारा छोटासा व्हिडिओ केला. वाफ, दाब, अक्षरं चिकटताना. सुरेख केला असणार, तिला ते जमतं. मागच्या खोलीचं दार उघडं. उलटे टांगलेले शर्ट पंख्याने फिरले असावेत.

“मागे काय दिसतंय त्यात?” मी विचारलं.

ती थांबली. मग म्हणाली, “बाबा, हा गरुड कोण?”

तिची काय चूक? तिला कुणी सांगितलं होतं? मी तोंड शिवलं ते घरातल्यांपासूनही. तिथेच उसवलं.

स्टुडिओत पोचलो तोवर उशीर झाला होता. पांढऱ्या पडद्यापुढे भाचा उभा, दोन्ही पंजे गोंदाने माखलेले, एका हाताला चेंडू चिकटलेला. कॅमेरावाल्याने स्वतःचा मोबाईल त्याच्यापुढे धरलेला. मोबाईल त्याला हातात घेता येईना. मान वाकवून बघत होता, दुसऱ्याच्या हातातलं. कोपऱ्यात कुणीतरी त्याचंही चित्रीकरण करत होतं.

मला बघितलं. मी काही बोलायच्या आत विचारलं, “मामा, हे कधी छापलंत?”

“बुधवारी.”

“बुधवारी,” तो म्हणाला.

काल संध्याकाळचा फोन आम्हा दोघांच्या मध्ये उभा राहिला. त्याने चेंडू ओढून काढायचा प्रयत्न केला. निघेना. कातडीसकट ओढला.

जाहिरात झाली नाही. गाडीत बसवून घरी आणलं. दारात ताईने फक्त त्याला आत घेतलं.

१० जानेवारी, शनिवार

ब्रँडसाहेबाचा फोन. पहिलं अर्धं मिनिट ओरडला. विश्वासघात, करार, वकील. मी ऐकून घेतलं. म्हटलं, रील आत्ता काढून टाकतो, कामही काढून घ्या.

पलीकडे त्याने घसा खाकरला. “काढू नका. आकडे बघितलेत का? आमच्या घोषणेला एवढे कधी मिळाले नव्हते. फक्त घोषणा आता दोन दिवसांनी करू, ताणलं की आणखी वाढेल. माल दुप्पट छापा. आणि मामा, पुढच्या खेपेला अशी चूक करायची झाली तर आधी सांगा, नीट मिळून करू.”

आयुष्यभर मला वाटत आलं, मी हुशार आहे. हा माणूस माझ्या पायावर पडलेला धोंडासुद्धा विकायला बसला.

सूनबाई डोळे सुजवून बसलीय. “भावजींना तोंड कसं दाखवू?” तिला म्हटलं, आधी मी दाखवतो, वाचलो तर तू ये. हसली नाही. रील मात्र तिने स्वतःच काढून टाकलं. मला विचारलं नाही. बरं वाटलं. अर्थात तोवर ते शेकडोंच्या पानांवर जाऊन बसलंय.

ताई फोन उचलत नाही. भाच्याला क्लबचं पत्र नाही, फोन नाही, काही नाही. उद्याच्या संघात नाव नाही, एवढंच वर्तमानपत्रातून कळलं.

दुपटीने छापायच्या मालाला मी अजून हात लावलेला नाही. ब्रँडसाहेबाला कळवलं, प्रेस बंद आहे. “कधी सुरू होईल?” म्हणे. म्हटलं, तिची मर्जी.

११ जानेवारी, रविवार

सामन्याचा दिवस आणि दुकान बंद. सकाळी भाचा आला. न सांगता, मागच्या दाराने. कापडाच्या गठ्ठ्यावर बसला. मी कोपऱ्यात हिशेब करतोय असं दाखवत बसलो. मैदानाकडून आवाज येत होता. आवाज चढला की त्याचे खांदे आपोआप ताठ व्हायचे.

दुकानाचा मोबाईल वाजला. कोवळा आवाज, लांबून. “काका, तुम्हीच ते शर्टवाले ना? मी तो… ज्याचं नाव तुम्ही छापलंय. गरुड वगैरे मला कुणी म्हणत नाही, ते व्हिडिओतच कळलं. इथे माझ्या क्लबमध्ये विचारलं तर कुणी सांगत नाही. दोन दिवस लोक शिव्या देतायत, एका चांगल्या माणसाची जागा खाल्ली म्हणून. मला खरंच विकलंय का हो?”

मी भाच्याकडे बघितलं. त्याला पलीकडचं सगळं ऐकू जात होतं. त्याने हात पुढे केला. मी फोन दिला.

त्याने विचारलं, “जेवलास का?”

आणि बोलत बोलत मागच्या अंगणात गेला.