शिकलेली हवी होती

१३ फेब्रुवारी १९९४, रविवार. कोरगाव

पाहून गेले. डिचोलीकडचे, लाटंबार्से गावचे. मुलगा विश्राम, वास्कोला शिपिंग कंपनीत 'कॉम्प्युटरवर'. स्थळ आणणारी शांतामावशी तो शब्द असा उच्चारते, जणू विमानच चालवतो.

पोहे, चहा. त्याची आई : "बी.ए. खंयच्या विषयांत गो?" मराठी, म्हटलं. "मराठी? आतां राज्य जालें, कोंकणी राजभास जाली. मराठी मास्तरणींक कोण विचारता?" उत्तर जिभेवर होतं. आईने डोळे वटारले.

मग तो. एकच प्रश्न. "तुवें कॉम्प्युटर केन्ना पळयला? टीव्हीसारको आसता. पूण तातूंत पिक्चर लागना." सगळे हसले.

बाबाही हसले. बाकीच्यांचं मी विसरेन कदाचित.

२० फेब्रुवारी

शांतामावशी निरोप घेऊन आली. "चेडू बरां आसा, पूण झिलाक शिकलेली व्हयी आसली, म्हणतत."

शिकलेली!

आमच्या घरात माझ्याआधी कोणी मॅट्रिकच्या पुढे गेलं नाही. बाबांनी माझी पदवी फ्रेम करून शिलाई मशीनच्या वर लावली आहे, गिऱ्हाइकाचं माप घेता घेता तिच्याकडे मान करतात. आज मशीनवर बसून होते. कापड लावलेलं, पाय चालत नव्हता.

रडले नाही. रडून त्याचं काय वाकडं होणार?

२१ फेब्रुवारी

ठरलं. कॉम्प्युटर शिकायचा. वास्कोला जायचं. त्याच ऑफिसात, त्याच्या वरच्या खुर्चीत. लिहून ठेवते म्हणजे मागे फिरता येणार नाही.

गावातल्या मुलींसाठी वाचनालय काढायचं होतं. त्याला थांबावं लागेल.

४ एप्रिल

म्हापशाला क्लास सुरू. फीचं आईने पाहिलं. कसं, ते मी विचारायचं नाही.

चपला बाहेर काढायच्या. आत एसी, देवळाच्या गाभाऱ्यासारखं गार आणि सगळे हळू बोलणारे. काळा पडदा, हिरवी अक्षरं. मी पहिलं बटण दाबलं ते चुकीचं. यंत्र ओरडलं. शेजारचा कॉमर्सवाला फिस्सकन हसला. त्याचंही नाव डोक्यात लिहिलं आहे. यादी वाढते आहे.

वहीत 'संगणक' लिहायचं ठरवलं होतं. त्या शब्दात माझा राग मावत नाही.

१९ एप्रिल

घरी सराव कशावर करणार? बाबांच्या कटिंगच्या पुठ्ठ्यावर त्यांच्याच खडूने कीबोर्ड काढला. बोटं बसायला लागली. आज आईने त्यावर तांदूळ निवडायला घेतले. ओरडले तर म्हणते, "तुझ्या एबीसीडीक कितें जातलां गो, तांदूळच तर आसत." मग स्वतःच पुसून, खडू घेऊन पुन्हा काढायला बसली. अक्षरं उलटसुलट. तशीच राहू दिली.

८ जुलै

प्रोग्रॅमिंग. कॉमर्सवाला अडला, मी नाही! हे तर आपलं वृत्तच आहे. शून्य की एक, लघु की गुरू, दोनच गोष्टी, आणि त्यांच्या क्रमावरून सगळं ठरतं. तीन वर्षं गण पाडत बसले, ते फुकट गेलं नाही.

२ सप्टेंबर

प्रोजेक्ट दाखवलं. ओळीचे लघु-गुरू टाकले की वृत्ताचं नाव येतं. सर बेळगावचे, त्यांनी आठवून आठवून एक ओळ टाकली. पडद्यावर आलं BHUJANGPRAYAT. सर म्हणाले, "अय्यो, हे बरोबर आहे की! पण ह्याचा उपयोग काय?"

आहे उपयोग. सांगितला नाही.

१२ मार्च १९९५

चार अर्ज, चार नकार. पणजीला एकाने पदवी वाचून कागद परत माझ्याकडे सरकवला, "शाळेत बघा." मी जिना उतरून खाली आले आणि तिथल्या पायरीवर बसले. थोडा वेळ.

आज पेपरात जाहिरात. वास्को. तीच कंपनी. एक जागा.

आई म्हणते दुसरीकडे बघ. दुसरीकडे मला काय करायचंय?

३ एप्रिल

मुलाखत. मॅनेजर फर्नांडिस, म्हातारे, चष्मा कपाळावर. विचारलं, तू स्वतः काय केलंयस? वृत्तांचं सांगितलं. त्यांना वृत्त म्हणजे काय ते ठाऊक नाही. मग मी टेबलावर बोटांनी ताल धरून लघु-गुरू वाजवून दाखवले. ते चर्चमध्ये व्हायोलिन वाजवतात म्हणे. त्यांनीही टेबलावर काहीतरी वाजवलं आणि म्हणाले, हे पकडेल तुझं मशीन? म्हटलं, नियम सांगा, पकडेल.

हसले. "सोमवारी ये."

१० एप्रिल. वास्को, मामाकडे

पहिला दिवस. वि. तिसऱ्या मशीनवर होता. जाडा झालाय. मी समोर जाऊन उभी राहिले. या क्षणासाठी काय काय वाक्यं तयार ठेवली होती!

"तूं खंयची?" म्हणाला. कोरगावची, म्हटलं. "हां? आयिल्लों हांव एकदां कोरगांवां. फोव बरे आशिल्ले." आणि परत टाइप करायला लागला.

पोहे आठवले. मला ओळखलंच नाही.

२४ एप्रिल

आणखी एक शोध. 'कॉम्प्युटरवर' म्हणजे वि. दिवसभर मालाच्या पावत्या टाइप करतो. बस्स. प्रोग्रॅम बिघडला की खुर्ची मागे सरकवून सिगारेट ओढायला बाहेर जातो. ह्याच्यासाठी बाबांचा पाय थांबला होता?

आनंद व्हायला हवा होता. इतक्या लहान माणसाचा सूड घेण्यात कसला आनंद. पण सोडणार नाही.

१८ जानेवारी १९९६

पगारात वाढ, आणि प्रोग्रॅमरची खुर्ची. खिडकीपाशी, तिथून तिसरं मशीन दिसतं. वि. आता 'मॅडम' म्हणतो. "मॅडम, हें अडकलां." मी लगेच उठत नाही. हातातलं आधी संपवते. हातात कधीकधी काहीच नसतं.

त्याचं लग्न झालंय. डबा येतो घरून.

घरी गेले की बाबा विचारतात, तो आसा मरे थंय? आसा, म्हणते. पुढे विचारत नाहीत.

४ नोव्हेंबर

नवी सिस्टिम येणार. साहेबांनी बोलावलं. सगळ्या ऑपरेटरांना तू शिकव, मग अठरा तारखेच्या सोमवारी मला सांग, कोण जमवेल आणि कोण नाही. नाही जमणार त्याला धक्क्यावरच्या गोदामात पाठवायचं. खनिजाच्या लाल धुळीत, माल मोजायला. "तू सांगशील तसं."

तू सांगशील तसं. दिवसभर हेच तीन शब्द.

११ नोव्हेंबर

शिकवते आहे. वि. मागच्या रांगेत. मुद्दाम त्यालाच उभं केलं, मुद्दाम अवघड विचारलं. चुकला. सगळे हसले. मी हसले नाही, नुसती थांबून राहिले, त्याला पुरेसं उभं ठेवलं.

तो वही घेऊन पुढच्या रांगेत येऊन बसला. घाम पुसत लिहून घेत होता.

१५ नोव्हेंबर

वाईट बातमी. त्याला जमतंय.

हळू आहे, पण जमतंय. आज न विचारता स्वतःची चूक स्वतः शोधली. नापास करायचं तर खोटं बोलावं लागेल. फर्नांडिस साहेबांशी. ज्यांनी माझी पदवी न वाचता टेबल वाजवलं होतं, त्यांच्याशी.

पण विश्वास ठेवतील.

१६ नोव्हेंबर, शनिवार

क्लास सुटल्यावर सगळे गेले, तो राहिला. शेवटी मीच म्हटलं. कोरगाव, शिंप्याचं घर, तू पाहायला आला होतास.

"म्हाका खबर आसा," म्हणाला. "पयल्या दिसासावन." पहिल्या दिवसापासून!

मग खाली बघत भरभर बोलत सुटला. तो बी.कॉम. नापास. घरी कोणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. त्या दिवशी भिंतीवरची फ्रेम पाहिली आणि घाबरला. ही पोर आठवड्यात मला ओळखेल. म्हणून टीव्हीची थट्टा. नकाराचं कारण आईने पाठवलं, ते आपलं नव्हे. "शिकलेली जाय अशें हांव कशें म्हणटलों गो? तूंच जास्त शिकलेली आशिल्ली."

मी पिशवी घेतली आणि निघाले. बस स्टँडवर आल्यावर लक्षात आलं, तो 'मॅडम' म्हणाला नव्हता.

१७ नोव्हेंबर, रविवार

खरं असेल तर माझा इतक्या दिवसांचा राग चुकीच्या पत्त्यावर जात होता.

खोटं असेल तर अगदी वेळेवर सुचलं. सोमवारच्या आधी.

कोणाला विचारू? त्याच्या आईला? मामी म्हणाली, जेव गो, कोणाचो असो राग काढतंस तो ताटार?

आणि खरं असलं तरी, बाबा हसले होते ते हसलेच होते.

१८ नोव्हेंबर, सोमवार

सकाळीच साहेबांनी विचारलं. पाच जणांचं सांगितलं. सहाव्यापाशी मी थांबले. "विश्राम?" म्हटलं, दुपारी सांगते. चष्मा कपाळावरून खाली घेऊन माझ्याकडे पाहिलं. "बरं. दुपारी."

जेवणाची सुट्टी आहे. डबा उघडलेला नाही. खिडकीतून धक्का दिसतो, गोदामाचे पत्रे, लाल. आत तिसऱ्या मशीनवर तो. बाकी सगळे जेवायला गेलेत, हा नवी सिस्टिम चालू करून बसलाय. चुकतोय, पुसतोय, परत घालतोय. पाठ दिसते फक्त.

मी इथे आहे हे त्याला ठाऊक आहे. एकदाही मागे वळून बघितलं नाही. बघितलं असतं, हात जोडले असते, तर सोपं होतं.

साहेबांच्या खोलीचं दार वाजलं. ते आले जेवून.