गाळणं परत करताना

आई, कोप्पीकर रोडवरून आणलेल्या नव्या गाळण्याने माझा घोर विश्वासघात केला आहे. चहाही खाली, पावडरही खाली. तू असतीस तर दुपारच्या आत दुकानात जाऊन विचारलं असतंस, "अण्णा, गाळणं विकलंत की खिडकीची जाळी?" मी मात्र आठवडाभर नवनगरात बसून पावडर चघळते आहे, आणि लोक मला तिखट लेखिका म्हणतात.

तुझी जीभ त्याहून तिखट होती. मग डॉक्टर म्हणाले, शरीर स्वतःवरच उलटलंय. आत्या खाटेशी बसून म्हणाली, "जन्मभर लोकांना टोचून बोललीस वहिनी, तेच आता आतून टोचतंय." कुणालाही न सोडणारी तू, नेमकं हे खरं मानलंस आणि गप्प झालीस. त्या दिवसांत मी मुद्दाम भात करपवते, तुझ्यापुढे ठेवते. आता बोलशील, मग बोलशील. तू खातेस. "चांगला झालाय," म्हणतेस. शेवटपर्यंत तशीच राहिलीस.

काल ताईची लेक आली होती, तू गेलीस तेव्हा रांगणारी. बंगळुरात टी-पेशींवर संशोधन करते. माझा चहा बघून हसली. "मावशी, माझं काम म्हणजे हेच, कोण काय अडवून धरतं." रोगाशी लढणारी ही पेशी निवांत असते तेव्हाही तिच्यात हल्ल्याचे काही निरोप म्हणे आधीच तयार असतात, आरएनएचे. काही प्रथिनं ते निरोप धरून ठेवतात, नको ते नष्टही करतात. खरा शत्रू आला की पकड सैल होते. पेशी जागी होते, वाढते, एकीच्या अनेक होतात. पकड भलत्या वेळी सुटली तर त्या आपल्याच घरावर उठू शकतात.

मी तिला आत्याचं वाक्य सांगितलं. तिने कप खाली ठेवला. "आज्जीचं नेमकं काय बिघडलं ते मला नाही सांगता येणार. पण बोलण्याने नाही गं बिघडत हे."

ऐकलंस? तू उगाच गप्प बसलीस.

आज सकाळी गाळणं घेऊन दुकानात गेले आणि तुझं ते वाक्य, तुझ्याच चढ्या आवाजात, अण्णांना ऐकवलं. म्हातारे झालेत. चष्मा वर करून बघत राहिले. "थेट तुमच्या अव्वांची जीभ, अक्का," म्हणाले, तुला ते अव्वाच म्हणायचे ना, आणि मुकाट्याने बदलून दिलं.

हे पत्र चहाच्या डब्यातच राहील. नवं गाळणं उत्तम आहे, एक कण खाली येत नाही. खरं सांगू? जरा वाईटच वाटलं. उद्या परत जायला कारण उरलं नाही.