रूपकाखालचं नाव

गुरुजी, तुमच्या वर्गात बसणाऱ्या आम्हा सगळ्यांची एकच तक्रार होती. पुस्तकातली कविता आमची नव्हती. तिच्यात कमळं होती, हंस होते, नदीकाठची सकाळ होती; आणि आमच्याकडे त्या वर्षी आडाच्या तळाशी गाळसुद्धा वाळला होता. अर्धा वर्ग मायबापाबरोबर पाझर तलावाच्या कामावर माती टाकायला गेला, तेव्हा तुम्ही हजेरीपटावर गैरहजेरी मांडून मोकळे झाला नाहीत. गुंडाळफळा काखेत मारून मुखेडहून चालत कामावर आलात, बाभळीला तो अडकवलात आणि दुपारच्या सुट्टीत, दुष्काळी कामावर मिळणारी सुकडी खाणाऱ्या पोरांना अलंकार शिकवू लागलात. मुकादम हसला होता. ‘‘गुरुजी, उपाशी पोटी कसले दागिने?’’ तुम्ही म्हणालात, ‘‘हे दागिने गहाण टाकता येत न्हाईत, म्हणून शिकवायलोय.’’

त्या दिवशी उपमा चालली आहे. तुम्ही मला उभं करता. मी शाळेत पुढच्या बाकावरचा, पाठांतरात पक्का; छाती काढून सांगतो, ‘‘माझ्या मायचे पाय कमळासारखे आहेत.’’ बांधावर बसलेल्या बाया खो खो हसतात. माझी माय त्यांच्यातच आहे, टोपलं उपडं घालून त्यावर बसलेली. ती पाय पुढं करते. ‘‘कमळ म्हणं! आरं, डोळे फुटले का तुझे? टाचा बघ, रानावानी भेगाळल्यात.’’ बाया आणखी हसतात, मी लाजेनं खाली बघतो, आणि तुम्ही मात्र खडू उचलता. मग तिचं वाक्य जसंच्या तसं फळ्यावर लिहिता. मी कुरकुरतो, ‘‘गुरुजी, ‘वानी’ पुस्तकात न्हाई.’’ तुम्ही म्हणता, ‘‘तुझ्या मायच्या टाचा बी पुस्तकात न्हाईत. म्हणून खोट्या हायेत का?’’ आणि पुस्तकात कवितेखाली कवीचं नाव असतं तसं त्या वाक्याखाली तुम्ही तिचं नाव लिहिता. माय घाबरते. ‘‘पुसा गुरुजी, लोक नावं ठेवतील.’’ तुम्ही पुसत नाही. ती उठून फळ्याजवळ जाते, डोकं वाकडं करून बघते आणि विचारते, ‘‘एवढंसंच हाय व्हय माझं नाव?’’

तिनं आपलं नाव लिहिलेलं आयुष्यात तेवढंच एकदा पाहिलं. रेशनकार्डावर बापाच्या नावाखाली ते होतं, पण ते तिला कुणी बोट ठेवून दाखवलं नव्हतं.

पुढं मी वक्ता झालो. पुष्कळ वाचलं, त्याहून जास्त बोललो. लातूर नवा जिल्हा झाला तेव्हाच्या एका सभेत मी माईक धरला आणि म्हणालो, नवी पाटी लागली म्हणून तहान भागत नाही. आवाज चढवून म्हणालो, ‘‘मराठवाडा ही भेगाळलेली टाच आहे, आणि या टाचेवर अख्खं राज्य उभं आहे!’’ टाळ्या थांबेनात. मी खाली उतरलो तर तुम्ही हारांच्या गर्दीबाहेर उभे, हातात पिशवी, धोतराला एसटीची धूळ. ‘‘लई छान बोललास,’’ तुम्ही म्हणालात. ‘‘उपमेचं रूपक केलंस. पण उपमेत टाच बी राहती अन् रान बी. तुझ्या रूपकात मराठवाडा राहिला. टाच कुणाची, ते गेलं.’’

मी हसून टाळलं. ‘‘सभेत नावं कुठं सांगत बसता, गुरुजी?’’

‘‘मला फळ्यावर जागा घावली होती,’’ तुम्ही म्हणालात. मग विचारलंत, ‘‘मायला आणलं न्हाईस?’’

‘‘एवढ्या गर्दीत कुठं आणता तिला?’’

तुम्ही मान हलवलीत आणि मुखेडची गाडी गाठायला निघालात. मी स्टँडपर्यंतसुद्धा आलो नाही. पुढं तुम्ही वारल्याचं कळलं तेव्हा मी दुसऱ्या कुठल्या तरी मंचावर होतो. माय तुमच्यानंतर दोन वर्षांनी गेली. ते वाक्य मात्र गावोगाव फिरत राहिलं, माझ्या नावानं.

काल आपल्या शाळेत गेलो होतो, पाहुणा म्हणून. भिंतींवर ऑइलपेंटनं अलंकार रंगवलेत. यमक, अनुप्रास, उपमा. उपमेखाली अजून कमळच आहे, गुरुजी. आणि रूपकाखाली मराठवाड्याची टाच, तिच्याखाली ठळक अक्षरांत मी. मुख्याध्यापिका बाईंनी कौतुकानं विचारलं, ‘‘सर, बरोबर लिहिलंय ना?’’ जन्मभर खोट्याविरुद्ध घसा फोडलेला माणूस म्हणाला, ‘‘हो, छान.’’ आणि शाल घेऊन घरी आला.

सभेत नावाला जागा नव्हती, हे खरं नव्हतं. पुढच्या रांगेत साहेब बसले होते, प्राध्यापक बसले होते. मराठवाड्याच्या मायबहिणींवर बोलताना माझा आवाज भरून येत होता. पण त्यांच्यातली एक, डोक्यावर मातीचं टोपलं घेतलेली, माझी आहे, हे सांगायची मला लाज वाटली. तुम्हाला ते त्याच दिवशी कळलं असावं. म्हणून तर तुम्ही मायचं विचारलंत.

हे पत्र कुठं टाकायचं नाही. तुम्हाला एवढं लिहिणं मला सोपं गेलं, कारण तुम्ही वाचणार नाही. अवघड आहे ते बाईंना लिहायचं एका ओळीचं पत्र. सकाळपासून त्याचं कोरं पोस्टकार्ड समोर पडून आहे. तीन अलंकार सुचले, तिन्ही टाकून दिले. आता साधंच लिहितो:

बाई, रूपकाखालचं माझं नाव खोडा आणि तिथं माझ्या मायचं, खाली सहीच्या वर लिहिलेलं नाव लिहा.