तुझी मॅच मी आज पाहिली

प्रिय अनिकेत,

आज तुझी मॅच पाहिली. पहिल्यापासून शेवटपर्यंत, आणि पहिल्यांदाच. तुला जाऊन सहा महिने झाले. तुझ्या कॉलेजच्या कोचनी तुझ्या सगळ्या मॅचचं रेकॉर्डिंग ईमेलने पाठवलंय. तीन आठवडे ते मी उघडलं नव्हतं. आज शुक्रवारची सुट्टी, तुझी आई नाशिकला मावशीकडे, इथे आखातात खैतानच्या घरात मी एकटा. चहा केला आणि लावली.

हे दुसऱ्या कुणाला सांगू? म्हणून तुलाच लिहितोय.

रडू आलं नाही. अजून एकदाही आलेलं नाही. कामावर जातो, प्लांटवरचं सगळं नीट बघतो, जेवतो, झोपही लागते. आई म्हणते, "तुम्ही एकदा डॉक्टरांना भेटा." काय सांगू डॉक्टरांना? मला काहीच होत नाही, हे?

पण त्या मॅचमधलं एक सांगतो. तू चेंडू घेऊन मागे सरकलास. समोरून दोन धिप्पाड माणसं तुझ्यावर धावून येत होती, आणि तू त्यांच्याकडे बघतही नव्हतास. लांब कुणाला तरी शोधत होतास. चेंडू सोडलास आणि त्याच क्षणी ते दोघं तुझ्या अंगावर पडले. चेंडू झेलला गेला की नाही, हे तुला दिसलंच नसणार! लोक ओरडले, त्यावरून तुला कळलं असेल. खालून तुझा एक हात वर आला. एवढा धीर तुझ्यात कुठून आला रे? घरी तर साधी किल्ली सापडली नाही तरी थयथयाट करायचास.

कंपनी फी देत होती म्हणून तुला अमेरिकन शाळेत घातलं. आठवीत असताना तू तो अमेरिकन फुटबॉलचा लांबट चेंडू घरी आणलास. आई म्हणाली, "हा चेंडू आहे की पपई?" तू फेकायचास आणि बिल्डिंगमागच्या मोकळ्या जागेत मी झेलायचो. दोन दिवस झेलले. तिसऱ्या दिवशी माझं बोट मुरगळलं आणि मी खाली यायचं बंद केलं. बोट आठवड्यात बरं झालं होतं. हे तुला कधी सांगितलं नाही.

मग तू इंजिनिअरिंगला अमेरिकेत गेलास. तुला कुणी खेळाडू म्हणून बोलावलं नव्हतं. स्वतः जाऊन मैदानावर उभा राहिलास, चाचणी दिलीस, आणि संघातला तिसरा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून डाव चालवणारा, झालास. तिसरा म्हणजे पहिले दोघं जायबंदी झाले तर खेळणारा. दोन वर्षं तू बाहेरच बसून होतास.

"खेळलास का?" मी फोनवर विचारायचो.

"नाही बाबा, साइडलाइनला होतो. पण सिग्नल मी देत होतो."

"सिग्नल म्हणजे काय?"

तू समजावून सांगायचास. मी तेव्हा ऑफिसच्या मेल वाचत असायचो.

तिसऱ्या वर्षी पहिल्याचा घोटा मोडला, दुसरा कॉलेज सोडून गेला, आणि तुला उतरवलं. आज पाहिली ती तीच मॅच. शेवटच्या वर्षी तर संघ तुझाच होता. फर्स्ट क्लासही मिळवलास. मी सगळ्यांना फक्त त्याचंच सांगितलं.

इथल्या मराठी मंडळात मी खोटंच सांगायचो, मुलगा अमेरिकेत मोठ्या कंपनीत आहे. एकदा गणपतीत कुणीतरी विचारलं, "तुमचा अनिकेत तिकडे फुटबॉल खेळतो म्हणे?" मी हसून म्हणालो, "हौस हो, दुसरं काय!" तुझी आई आरतीचं ताट तिथेच ठेवून बाहेर निघून गेली. गाडीत म्हणाली, "तुम्हाला लाज वाटते का त्याची?" मी एसी वाढवला.

लाज नव्हती रे. मला फक्त ते सांगता येत नव्हतं. कॉलेज संपल्यावर मोठ्या संघांनी खेळाडू निवडले, त्यात तुझं नाव नव्हतं. एका संघाने सरावशिबिराला बोलावलं आणि सीझन सुरू व्हायच्या आधीच काढून टाकलं. मग जर्मनीत दोन वर्षं. सकाळी खेळाच्या दुकानात काम, संध्याकाळी सराव, आठवड्याला एक मॅच. शेवटी खांद्याने साथ सोडली. याला काय म्हणायचं? मला शब्द सापडला नाही.

पंचविसाव्या वर्षी तू इथे परत आलास, एका शाळेत कोच म्हणून. आठ महिने आपण एका घरात होतो आणि हवा, ट्रॅफिक, भाजी यावर बोलत होतो. तू बसायचास सोफ्याच्या डाव्या टोकाला, दुखऱ्या खांद्याखाली उशी घेऊन. मी कधी विचारलंही नाही, दुखतंय का म्हणून.

आणि मग समुद्रकाठच्या खैरानहून येताना तुझ्या गाडीचा टायर फुटला.

पुढचे चार दिवस मी कागद गोळा करत होतो. तुला नाशिकला न्यायचं तर कागद लागतात. हॉस्पिटलचा, पोलिसांचा, इकामा, म्हणजे इथला राहण्याचा परवाना, रद्द केल्याचा. मी ते फाइलमध्ये क्रमाने लावले. एका खिडकीवर एक मल्याळी गृहस्थ फॉर्म भरून घेत होते. त्यांनी विचारलं, "प्रोफेशन?"

माझ्या तोंडून निघालं, "क्वार्टरबॅक."

"बँक में थे?"

"नहीं." आणि मग मी बोलतच सुटलो, अनिकेत! माझ्या मोडक्या हिंदीत त्यांना तुझा सगळा खेळ समजावला. त्यांचा स्टेपलर उचलून म्हणालो, हा माझा मुलगा. रबरी शिक्के पुढे ठेवले, हे त्याला पाडायला येणारे. याच्याकडे चार सेकंद असतात, त्यात सगळं मैदान बघायचं आणि फेकायचं. तू जे फोनवर सांगायचास ते मी ऐकत होतो, हे मलाच माहीत नव्हतं. मागे रांग होती. कुणी घाई केली नाही.

ते गृहस्थ म्हणाले, "साहब, कार्ड पे 'कोच' है, मुझे वही लिखना पड़ेगा. लेकिन मैंने सुन लिया."

मी थँक यू म्हणालो, सही केली आणि पुढच्या खिडकीवर गेलो.

आता एक राहिलं. अमेरिकेतल्या त्या सरावशिबिरातून तुला काढलं त्या दिवशी तू फोन केलास. इथे संध्याकाळ होती.

"बाबा, दे कट मी."

"बरं झालं," मी म्हणालो. "आता तरी नीट नोकरी बघ."

तू मग म्हणालास, "आईला देता?"

"आई बाहेर गेलीय."

आई बाहेर गेली नव्हती. पाच पावलांवर स्वयंपाकघरात मिक्सर लावत होती. तुझा आवाज भरून आला होता. तिला फोन दिला असता तर तू रडला असतास, आणि ते मला ऐकवलं नसतं. नंतर दोन महिने तुझा फोन आला नाही. आई रोज विचारायची, "असं काय केलं आपण, की पोरगं बोलत नाही?" मी म्हणायचो, "बिझी असेल."

तू घरी राहून गेलास, पण तिला हे सांगितलं नाहीस. मला वाचवलंस का? एकदा भांडायचं होतंस माझ्याशी. निदान एकदा तरी.

ती गुरुवारी येतेय. मी तिला आणायला विमानतळावर जाईन. तिला घरी आणेन, पाणी देईन, आणि त्या संध्याकाळी तू तिलाच मागत होतास हे सांगेन. हे मी तुला लिहून देतोय, म्हणजे मला माघार घेता येणार नाही. ती ओरडली तर ऐकून घेईन. गप्प बसली, तर तिच्यासमोरून उठून जाणार नाही.

तुझे,
बाबा