गणिताचा ग्रुप

१४ जून १९८२, सोमवार
कॉलेजचा फॉर्म आणला. खिडकीतल्या क्लार्कनं विचारलं, "कुणाच्या ॲडमिशनसाठी?" म्हटलं, माझ्याच. त्यानं माझा पी.यू.सी.चा मार्कमेमो दोनदा उलटून बघितला. १९७४ चा, बारावी यायच्या आधीचा. नंतर लग्न, बोरी गावातलं घर, लेक सुमी, मग ह्यांची परभणीला बदली. आठ वर्षं. बी.एस्सी. फर्स्ट इयरचा सगळा फॉर्म भरला, ग्रुपचा रकाना तेवढा कोरा. गणित घ्यायचं मनात आहे, पण हात धजेना.

१६ जून
हे म्हणाले, "बॉटनी-झूलॉजी घे. तुझ्या आकृत्या चांगल्या येतात. गणितात अडकलीस तर वर्ष गेलं." खोटं नाही. पण बोरीकडच्या शाळेला गणिताचं माणूस पाहिजे, आणि मला ते व्हायचंय.
सासूबाई गहू निवडायल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मनाजोगतं शीक बाई. बिनमनाचं करायला घरात काय कमी हाय?"

१९ जून, शनि.
गणिताच्या पाठक सरांना भेटले. त्यांनी आठ प्रश्न लिहून दिले, "बसा, सोडवा." व्हरांड्यातल्या बाकावर तासभर. दोनच जमले.
सर रागावले नाहीत, तेच जास्त लागलं. "तुमचा पाया चांगला आहे. पण आता लिमिट, डेरिव्हेटिव्ह बारावीतच होतं. फर्स्ट इयरला ते येतं असं धरूनच आम्ही शिकवतो." गणित सोडून दुसरा ग्रुप घ्या, नाहीतर वर्षभर थांबून बारावीच्या वर्गात बसा, म्हणाले. त्या वर्गात बसायला त्यांची परवानगी आहे.
बारावी! पंचविसाव्या वर्षी. घरी सांगितलं नाही.

२२ जून
सांगितलं. ह्यांनी फॉर्म हातात घेऊन वाचला. मग, "सुमी पहिलीला, तू बारावीला. डबे दोन करावे लागतील." एवढंच. हसले तेव्हा जीव भांड्यात पडला.
पण अख्खं वर्ष थांबायचं?

२८ जून, सोम.
बारावीचा तास सकाळी साडेसातला. मी आत शिरले तशी सगळी पोरं उठून उभी राहिली. मला नवीन मॅडम समजली. कुठं बघावं कळेना. मागून सर आले, "बसा, बसा. ह्या शिकायला आल्यात." शेवटच्या बाकावर बसले. शेजारी नसरीन म्हणून मुलगी, सतराची. वहीवर माझं काय चाललंय बघून म्हणाली, "आपा, सगळं इंग्लिशमधी कायला लिवायलात? मराठीत समजून घ्या, शब्द तेवढे बाजूला लिवा." तसंच केलं. लय सोपं झालं.

३ जुलै
लिमिटचं एक गणित. किंमत घातली की वर शून्य, खाली शून्य. मी म्हटलं, उत्तरच नाही ह्याला. नसरीन म्हणाली, "आधी अवयव पाडा, मग बघा." पाडले. वरचा खालचा एक तुकडा सारखाच, तो कटला, आणि उत्तर आलं चार. किती वेळ त्या चारकडं बघत बसले. पुढची सहा गणितं भाजी फोडणीला टाकता टाकता केली. भाजी जरा लागली. तशीच वाढली.

९ जुलै
विद्यापीठाच्या नामांतराचा मोर्चा, तास लवकर सुटला. नसरीनला घरी घेऊन आले. सासूबाईंनी धपाटे वाढले, तिला विचारलं, "आमची सून हुशार हाय का गं?" "हाय की, पण घाई करायल्यात." बरोबर ओळखलं तिनं.

१७ जुलै, शनि.
सरांनी पुन्हा आठ प्रश्न दिले. सहा आले. मीच विचारलं: बारावीचा तास सकाळी, फर्स्ट इयरचा अकराला. दोन्हीकडं बसले तर? सरांनी चष्मा काढला. "आजवर कुणी विचारलं नाही." मग, "झेपलं नाही तर ऑगस्टअखेर ग्रुप बदलता येतो. लाजू नका तेव्हा." हे लक्षात ठेवायचं.
घरी विचारलं तर हे म्हणाले, "सुमीला मी सोडीन शाळेत." ग्रुपचा रकाना भरला. फिजिक्स-केमिस्ट्री-मॅथ्स.

२६ जुलै, सोम.
फर्स्ट इयरचा पहिला तास. साठेक मुलं, मुली सहा. सरांनी फळा भरला. दोन ओळी कळल्या, तिसरी निसटली. पुढं नुसतं उतरवून घेतलं. मनात आलं, आपलं चुकलंच.
शेजारची मुलगी हळूच म्हणाली, "ताई, तुमाला कळायलंय का?"
"न्हाई."
"मग बरं हाय," आणि तिनं केवढा तरी श्वास सोडला.
मी हात वर केला. सर तिसऱ्या ओळीवर परत आले, तशी वर्गभर पानं मागं उलटल्याचा आवाज झाला. आता ती ओळ कळली. चौथी अजून नाही. ऑगस्ट संपायला महिना आहे.