सावरीला बांधलेली ओढणी

प्रिय हितेश,

पायवाट सोडू नये हे आता तू मला शिकवणार? तू? दीड महिना एक शब्द नाही, आणि मग थेट त्या निळ्या फुलांचा फोटो. खाली ओळ : ‘इथे ब्लूबेल चिरडू नयेत म्हणून लोक पायवाट सोडत नाहीत.’ टोमणाच होता ना? असू दे. किती वेळा झूम केला तो फोटो. झाडांखाली नुसतं निळं, जंगलात कुणी पाणी सोडल्यासारखं. कोपऱ्यात तुझ्या बुटाचं टोक, अगदी शहाण्यासारखं पायवाटेवर. मला चिडायचं होतं. पण आधी काय वाटलं सांगू? हा माणूस तिकडेही फुलं बघायला एकटाच जातोय.

आपण कधी रे पायवाटेने चाललो? खारघरचा डोंगर, फेब्रुवारीतला रविवार, तू करवंदीच्या जाळ्यांतून घुसणार आणि मी मागून शिव्या घालत येणार. मी तुर्भ्याची, बाबा मार्केटात माथाडी, फुलं म्हणजे मला दसऱ्याला झेंडूचे ट्रक. पळस कुठला, पांगारा कुठला, सगळं तू दाखवलंस. आणि वरच्या वळणावरची ती काटेसावर! एक पान नाही, अंगभर लाल, आणि वर मैना-बुलबुल मधासाठी भांडतायत. सावरीचं फूल पडताना थप्प वाजतं, ते तू मला डोळे मिटून ऐकायला लावलंस. मी डोळे उघडले तेव्हा तू फुलाकडे बघत नव्हतास. जाऊ दे. तेवढ्यात तुझे बाबा आलेच, कमरेला कोयता. ‘फुला बघाला येवऱ्या वर कशाला आल्यान? मार्केटमदी टरक भरून येतान ना!’ आणि मग खिशातली बोरं आपल्या हातावर ठेवून गेले, मागे न बघता.

तू इंग्लंडला, लीड्सला गेलास आणि मी घरात बसूच शकेना. म्हणून लोकांना डोंगरावरची फुलं दाखवायच्या रविवारच्या फेऱ्या सुरू केल्या. आधी चार जण, मग बारा. नेरूळच्या एक रिटायर्ड बाई तर बँकेत जायच्या साडीतच डोंगर चढायच्या. जानेवारीत मी तुझ्या बाबांना अडवून म्हटलं, ‘काका, ह्या वर्षी होळीला ती सावर नका ना नेऊ.’ ते हसले. ‘मंग होली काय थर्माकोलची पेटवू?’ तुझ्या गावची पद्धत मला तूच सांगितली होतीस. महिनाभर आधी काका झाड ठरवतात, त्याला लाल फडकं बांधतात, नारळ फोडतात. होळीच्या आदल्या दिवशी पोरं फडकं बघतात, झाड आणतात, कुणी कुणाला काही विचारत नाही. सांगितलं होतंस. ऐकलं होतं मी.

होळीच्या दुसऱ्या दिवशी वर गेले तर वळणावर बुंधा. कापलेली फुलं तशीच खाली, तुडवलेली. मी तिथेच बसून पोस्ट लिहिली. बुंध्याचा फोटो टाकला, आणि खाली होळीपुढे नारळ घेऊन उभ्या असलेल्या काकांचा. नाव टाकलं. गाव टाकलं. पुढचं तुला माहितीये. तुझा फोन आला, तू म्हणालास, पोस्ट काढ, बाबांनी ते झाड ठरवलंच नव्हतं. मी म्हणाले, गावाची बाजू घ्यायला लीड्सवरून बरा वेळ मिळतो तुला. फोन कुणी आधी ठेवला ते आठवत नाही. मीच ठेवला. आठवतंय.

मग मजा झाली बघ. लोक मला सावरवाली म्हणायला लागले. एका मासिकाने लेख मागितला, मी अकरा वेळा लिहिला, प्रत्येक वेळी झाड जास्त लाल आणि तुझे बाबा जास्त काळे. तिकडे वनखात्याचे लोक त्यांना दर आठवड्याला बोलवत होते.

आता हे पटकन लिहिते. पोस्टच्या तिसऱ्या दिवशी तुझी आई मला नेरूळ स्टेशनबाहेर भेटली. सुमित्राबाई म्हणजे, रागावल्या तर सगळं स्टेशन ऐकेल. एक पिशवी दिली. ‘तुजी ओरनी. धुतली हाय.’ आणि गेल्या. आरशांची लाल ओढणी, तू गॅदरिंगला दिलेली. डोंगरावर फोनमधला नकाशा चुकतो, फेरीतले दोघं जण खाणीकडे भरकटले होते, म्हणून फेब्रुवारीत मीच ती सावरीला बांधली होती. लांबून दिसावी म्हणून. पोरांनाही लांबूनच दिसली, काकांचं फडकं म्हणून.

म्हणजे मला तिसऱ्या दिवसापासून माहितीये, हितेश. पोस्ट काढली नाही. ओढणी कपाटात, चादरींच्या खाली.

तरी मी स्वतःला समजवत होते. काका दुसरी कुठली सावर तोडणारच होते ना, एक काय नि दुसरी काय. मग परवा रविवारी तुझा फोटो बघून डोकं फिरलं आणि मी फेरी सोडून पायवाटेखाली उतरले, आपल्यासारखी, जाळ्यांतून. उरलेल्या सावरींचा कापूस उडत होता, केसांत, तोंडात. खाली ओढ्याजवळ तो शिरीष आहे ना, दोन वर्षांपूर्वी वाळलेला? त्याच्या बुंध्याला लाल फडकं होतं, उन्हाने गुलाबी झालेलं. खाली नारळाची करवंटी. त्यांनी ऐकलं होतं माझं. थर्माकोल म्हणून हसले आणि वाळकं झाड ठरवून आले, कुणाला न सांगता. आणि माझी ओढणी आधी वाटेत लागली.

आज अकरा वाजता काका वनखात्याच्या ऑफिसात जबाब द्यायला जाणार आहेत. ‘झाड मीच ठरवलं’ असं सांगून मोकळे होणार, म्हणजे पोरांची नावं येणार नाहीत, आणि माझंही. ते असं सांगणार हे गावात सगळ्यांना माहितीये, फक्त मलाच काल कळलं. पोस्ट आत्ता काढली. मासिकाला लेख नको म्हणून कळवलं. आता ओढणी पिशवीत घातलीये, आधी तुमच्या दारात जाणार, मग काकांबरोबर त्या ऑफिसात. काका आत तरी घेतील का, माहीत नाही. सुमित्राबाई ओरडल्या तर बरं वाटेल. तुझ्याकडे आता पहाटेचे साडेचार वाजलेत, तू झोपला असशील, आणि तू उठायच्या आत मला पोचायचंय. तू ‘थांब’ म्हणालास तर मी थांबेन, आणि ‘जा’ म्हणालास तर तुझ्यासाठी गेल्यासारखं होईल. फोन घरीच ठेवतेय. खाली रिक्षावाला हॉर्न मारतोय. निघाले.

तुझीच, अजूनही म्हणू दिलंस तर,
वैष्णवी